ठिणगी की पेट्रोल?

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सीने कायमचा निरोप घेतला. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. त्या आठवड्यात काळ्या-पिवळ्या रंगाबद्दल, स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांडीबद्दल आणि टपावरच्या कॅरिअरबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. या टॅक्सीत बसलेल्यांना आणखी एक गोष्ट आठवत असेल. सिग्नलला गाडी उभी राहिली तरी चालकाचा उजवा पाय थांबत नसे. तो सारखी हलकी रेस देत राही, कारण पाय काढला की इंजिन बंद पडण्याची भीती असे.

टॅक्सी गेली तरी आजार गेला नाही. खाजगी नोंदणीच्या पद्मिनी, फियाट ११००, ॲम्बॅसेडर आणि जुन्या मारुती ८०० महाराष्ट्रात आजही चालतात. कुणी वडिलांची आठवण म्हणून ती सांभाळतं, कुणी हौसेने जुनी गाडी विकत घेतं, तर कुणाला नवी परवडत नाही. पंधरा वर्षं उलटलेल्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ रोजी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं, तरी भरणारे भरतात. त्यांची तक्रारही ठरलेली असते. गाडी मिसिंग मारते, चढावर धक्के देते, चालता चालता बंद पडते, दहा मिनिटांनी सुरू होते आणि गॅरेजमध्ये नेली की शहाण्यासारखी वागते.

या तक्रारीवर बहुतेक गॅरेजमध्ये जे होतं ते काळजी करण्याजोगं आहे. प्लग बदलले जातात. त्याने फरक पडला नाही तर पॉइंट, मग कॉईल, मग कार्बोरेटरचं किट आणि शेवटी ‘कार्बोरेटरच नवा टाकू’ असा सल्ला मिळतो. चार-पाच फेऱ्यांनंतर गाडी कधी बरी होते, कधी होत नाही. बरी झाली तरी नेमकं काय बिघडलं होतं हे मालकाला कळत नाही आणि बदलणाऱ्यालाही कळलेलं नसतं. याचा दोष एकट्या मेकॅनिकच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. गॅरेजच्या बिलात सुट्या भागांची किंमत असते, बसवण्याची मजुरी असते, पण दोष शोधण्यासाठी गेलेल्या दोन तासांची ओळ नसते. कारागिराने दोन तास लावून एक सैल वायर शोधली आणि ती घट्ट केली, तर ‘एवढ्याशा कामाचे एवढे पैसे?’ असं त्याला ऐकावं लागतं. त्याच दोन तासांत त्याने नको असलेली कॉईल बदलली, तर पैसे निमूट मिळतात. मग तो शोधत कशाला बसेल?

तरीही जुन्या इंजिनाचा दोष शोधता येतो. अंदाज न लढवता, एकेक शक्यता बाद करत तिथपर्यंत पोचता येतं.

पद्मिनीचंच इंजिन घेऊ. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली स्थापन झाली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फियाट ११०० ची बांधणी सुरू झाली आणि त्याच गाडीला सत्तरच्या दशकात पद्मिनी हे नाव मिळालं. १,०८९ सीसी, चार सिलिंडर, एक कार्बोरेटर. ‘स्लो’वर म्हणजे मिनिटाला सुमारे ८०० फेऱ्यांवर इंजिन चालत असताना प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा ठिणगी पडते. म्हणजे मिनिटाला १,६०० ठिणग्या, सेकंदाला साधारण २७. रस्त्यावर ३,००० फेऱ्या झाल्या की हाच आकडा सेकंदाला शंभरावर जातो. यातली प्रत्येक ठिणगी ठरल्या क्षणी पडली पाहिजे, त्या वेळी सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलचं योग्य मिश्रण असलं पाहिजे आणि ते पुरेसं दाबलेलं असलं पाहिजे. ठिणगी, पेट्रोल आणि दाब या तिन्हींपैकी एक चुकलं की तो स्फोट हुकतो. त्यालाच मिसिंग म्हणतात. सलग बरेच हुकले की गाडी बंद पडते.

शोध सुरू होतो तो प्रश्नांनी. जाणता मेकॅनिक बॉनेट उघडण्याआधी विचारतो: थंड असताना त्रास देते की गरम झाल्यावर? उभी असताना बंद पडते की चालताना? बंद पडताना धक्के देत, रडतरखडत जाते की दिवा मालवावा तशी एकदम? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात बरंच काही दडलेलं असतं. पेट्रोल संपत आलेलं इंजिन आचके देत, पुन्हा उचल खात, मग थांबतं, कारण कार्बोरेटरच्या वाटीत उरलेलं थोडं पेट्रोल हळूहळू संपत असतं. विजेचा प्रवाह तुटला तर मात्र इंजिन एका क्षणात गप्प होतं. मालकाने एवढं नीट पाहून सांगितलं तरी अर्धी शक्यता तिथेच बाद होते.

मग सायलेन्सरपाशी जायचं. कागदाचा तुकडा नळीच्या तोंडापाशी धरला की तो फडफडत बाहेर ढकलला गेला पाहिजे. ठरावीक लयीत, मोजून घ्यावा असा एक ठोका चुकत असेल तर बहुधा एकाच सिलिंडरचं दुखणं आहे. ठोके कुठेही, कसेही चुकत असतील तर दोष सगळ्या सिलिंडरांना सामाईक असलेल्या भागात शोधायचा: कॉईल, पॉइंट, कंडेन्सर, कार्बोरेटर. कागद मधूनच आत ओढला जात असेल तर एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याचा संशय घ्यायचा.

एकाच सिलिंडरचा संशय असला तर इंजिन स्लोवर ठेवून, रबरी मुठीच्या पक्कडीने एकेका प्लगची टोपी क्षणभर काढायची. चांगल्या सिलिंडरची टोपी काढली की इंजिन लगेच खाली बसतं, थरथरतं. ज्याची टोपी काढून काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर आधीपासूनच कामाला नव्हता. ही चाचणी पॉइंटवाल्या जुन्या गाड्यांसाठीच ठीक आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत अशी टोपी ओढली तर मॉड्यूल जळू शकतं, माणसाला जबर झटका बसू शकतो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन तो लाल होईपर्यंत तापू शकतो. चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना हा कन्व्हर्टर १ एप्रिल १९९५ पासून सक्तीचा झाला. त्यामुळे गाडी कोणत्या काळातली हे आधी पाहिलेलं बरं.

मेलेला सिलिंडर सापडला की त्याचा प्लग काढून पाहायचा. चिनीमातीचं टोक फिक्या विटकरी रंगाचं असेल तर तिथलं जळण चांगलं आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी अशक्त. तेलकट ओला काळेपणा म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या गाइडमधून ऑइल वर येतं आहे. पांढराफटक म्हणजे मिश्रणात हवा जास्त आहे किंवा प्लग फार तापतो आहे. संशयित प्लग शेजारच्या सिलिंडरला लावून पाहायचा. दुखणं प्लगबरोबर तिकडे गेलं तर प्लगच दोषी, जागेवरच राहिलं तर प्लग निर्दोष. या अदलाबदलीला एक पैसाही लागत नाही. प्लगचा नवा सेट आणायच्या आधी ती इतकी क्वचित का केली जाते, हे खरोखर कोडं आहे.

आता जुन्या गाडीच्या त्या भागाकडे, जिथे सर्वांत जास्त दोष सापडतात आणि जिथे सर्वांत शेवटी पाहिलं जातं. कार्बोरेटर डोळ्यांना दिसतो, त्यात पेट्रोल खेळतं, त्याला पिळायला स्क्रू असतात, म्हणून सगळे आधी त्याच्यामागे लागतात. इग्निशनचं दुखणं मात्र डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली, म्हणजे गॅरेजच्या भाषेतल्या ‘डेल्को’त, लपलेलं असतं. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने बॅटरीवर चालणारी ही रचना तयार केली आणि ती १९१० च्या कॅडिलॅक गाडीत पहिल्यांदा बसली. पद्मिनीत कुर्ल्याहून जी बसून आली ती तत्त्वतः तीच.

कॉईलमध्ये दोन गुंडाळ्या असतात. पॉइंट मिटलेले असताना पहिल्या गुंडाळीतून बॅटरीचा प्रवाह वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावरचा कॅम पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्टचा दाब उसळतो. तो रोटरमार्फत ज्याची पाळी असेल त्या प्लगकडे जातो. चार सिलिंडरांचा क्रम पहिला, तिसरा, चौथा, दुसरा. पॉइंट उघडतात ते जेमतेम अर्धा मिलिमीटर आणि तिथेच सगळं ठरतं. पॉइंटच्या टाचेवरचं फायबर झिजतं, फट कमी होते, टायमिंग मागे पडतं, ठिणगी मंदावते. कित्येक पद्मिनी ‘पिकअप घेत नाही’ म्हणून कार्बोरेटर खोलून घेतात, तेव्हा त्यांना फिलर गेजचं एक पातं आणि पॉलिश पेपरचा एक तुकडा पुरला असता.

पॉइंटशेजारी बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. पॉइंट उघडताना तिथे ठिणगी उडू नये आणि प्रवाह झटक्यात तुटावा, यासाठी तो. तो अशक्त झाला की पॉइंट काळे पडतात, त्यांच्यावर खड्डे आणि टेंगळं येतात आणि प्लगकडची ठिणगी निळीऐवजी पिवळट, बारीक होते. कंडेन्सरची खोड म्हणजे तो पुष्कळदा तापल्यावरच दगा देतो. आज याच भागाची मोठी पंचाईत आहे. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसजवळच्या दुकानांत मिळणारा नवा कोरा कंडेन्सर चांगला असेलच अशी खात्री नाही. जुन्या गाड्या चालवणाऱ्यांची ही तक्रार जगभर ऐकू येते. म्हणून नवा बसवला तरी जुना फेकू नये. नवा भाग लावूनही दोष तसाच राहिला तर ‘कंडेन्सर तर नवाच आहे’ असं म्हणून तो यादीतून काढणं धोक्याचं असतं.

डिस्ट्रिब्युटरमधला आणखी एक दोष शोधणाऱ्याची परीक्षा पाहतो. व्हॅक्यूम ॲडव्हान्स असलेल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटची पाटी रेस दिली की थोडी फिरते आणि तिला जोडलेली बारीक वायर प्रत्येक वेळी वाकते. वर्षानुवर्षं वाकून आतली तार तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत राहतं. गाडी स्लोवर छान चालते, रेस दिली की वायर ताणली जाते आणि मिसिंग सुरू होतं. दिसायला लक्षण थेट कार्बोरेटरचं. ॲडव्हान्सची नळी काढून तिचं इंजिनाकडचं तोंड बंद केलं आणि गाडी फिरवून पाहिली तर मिसिंग थांबतं. चोर सापडतो.

पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला बाष्प धरतं आणि सकाळी गाडी सुरू होत नाही. कोरड्या फडक्याने टोपी आतून-बाहेरून पुसली की काम होतं, म्हणून प्रकरण तिथेच सोडलं जातं. पण टोपीला केसाएवढी चीर असेल तर तिच्यात कोळशाची काळी रेघ तयार होते आणि वीज प्लगकडे न जाता त्या रेघेवरून पळते. हे पाहायला रात्र लागते. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं की टोपीवर किंवा प्लगच्या वायरींवर निळ्या ठिणग्या सरपटताना दिसतात.

ठिणगीचा अशक्तपणा कुणाला आधी कळत असेल तर तो मुंबईच्या टॅक्सीवाल्या मेकॅनिकला. महानगर गॅस कंपनी १९९५ साली स्थापन झाली आणि पुढच्या वर्षांत शहरातल्या टॅक्सी मोठ्या संख्येने सीएनजीवर गेल्या. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. जी ठिणगी पेट्रोलवर कशीबशी निभावून नेत होती ती गॅसवर हुकू लागली आणि साठलेला गॅस कार्बोरेटरमधून उलटा भडकून एअर फिल्टरचं झाकण उडवू लागला. त्यामुळे या गाड्यांवर काम करणाऱ्यांना प्लगची फट, वायरी आणि टायमिंग यांची शिस्त पाळावीच लागली.

आता पेट्रोलची बाजू, आणि त्यासाठी घाट. खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या चढावर, मे महिन्याच्या दुपारी, बॉनेट उघडून उभी असलेली फियाट आणि तिच्या पंपावर ओलं फडकं हे दृश्य साठी-सत्तरीत प्रवास केलेल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. ते फडकं ज्या पंपावर ठेवतात तो टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरकडे ढकलतो; गॅरेजमध्ये त्याला ‘एसी पंप’ म्हणतात. तो इंजिनाच्या तापलेल्या ब्लॉकलाच बसवलेला असतो आणि कॅमशाफ्टच्या धक्क्याने त्याचा डायाफ्राम वरखाली होतो. पेट्रोलमधले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात. चढावर इंजिन तापलेलं, वारा कमी, गाडी हळू. पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप ती ओढत बसतो आणि कार्बोरेटरची वाटी कोरडी पडते. फडक्याने पंप निवला की गाडी सुरू होते.

पण घाटात बंद पडणारी प्रत्येक गाडी वाफेनेच बंद पडते असं नाही. तापलेली कॉईलही नेमकी अशीच वागते. आतल्या बारीक तारेचं आवरण उष्णतेने निकामी होतं, ठिणगी थांबते, अर्ध्या तासाने कॉईल निवते आणि गाडी चालू होते. फडकं ठेवल्यावर गाडी सुरू झाली, पण ती फडक्यामुळे झाली की तेवढ्या वेळात कॉईल निवली म्हणून? इथे एकच उपाय आहे आणि तो चुकवता येत नाही: गाडी बंद आहे त्याच क्षणी तपासायचं. कॉईलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढून, पक्कडीने ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरायची आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगायचं. मात्र त्याआधी पेट्रोल कुठे सांडलेलं नाही ना हे पाहायचं. निळी, टचटच वाजणारी ठिणगी आली तर कॉईल सुटली. मग एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या नळ्यात पाहत ॲक्सिलरेटर एकदा दाबायचा. पेट्रोलची बारीक धार उडाली तर वाटीत पेट्रोल आहे. दोन मिनिटांचं काम. ते झालं नाही तर पुण्याला पोचल्यावर कुठलाच मेकॅनिक काहीच सांगू शकत नाही, कारण तोवर गाडी बरी झालेली असते.

पेट्रोलच्या बाजूचा आणखी एक दोष इतका साधा आहे की तो सहज नजरेतून सुटतो. टाकीतलं पेट्रोल कमी होतं तशी त्याची जागा घ्यायला हवा आत यावी लागते. जुन्या गाड्यांत त्यासाठी टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं, किंवा मूळ झाकण हरवल्यावर बाजारातून बिनभोकाचं झाकण आणून लावलं, तर टाकीत निर्वात तयार होतो. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर छान धावते आणि मग पंपाला पेट्रोल ओढता येईनासं होतं. थोडा वेळ उभी राहिली की हवा कुठून तरी शिरते आणि पुन्हा चालू. अशा गाडीच्या पंपाचं किट बदललं जातं, कार्बोरेटर साफ होतो, फ्युएल फिल्टर नवा पडतो. तपासणी मात्र एवढीच: बंद पडताच टाकीचं झाकण उघडायचं. ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली तर दोष सापडला.

कार्बोरेटर नेहमी निर्दोष असतो असं नाही. पाय काढला की बंद पडते आणि रस्त्यावर मात्र उत्तम पळते, अशा गाडीचा स्लोचा जेट बुजलेला असण्याची शक्यता मोठी. त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं, टाकीच्या गंजाचा एक कण पुरतो. जेट काढून हवा मारली की मोकळा होतो. तारेने टोचू नये, कारण भोक मोठं झालं की जेट कायमचा बिघडला. रेस देताक्षणी गाडी खोल श्वास घेतल्यासारखी अडखळत असेल तर ॲक्सिलरेटर पंपाचा डायाफ्राम पाहायचा. तापलेली गाडी उभी राहिल्यावर पेट्रोलचा वास येत असेल आणि पुन्हा सुरू व्हायला त्रास देत असेल तर फ्लोटची सुई गळते आहे.

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या पॅकिंगमधून किंवा फुटलेल्या व्हॅक्यूमच्या नळीतून जादा हवा शिरत असेल, तर कार्बोरेटर कितीही साफ केला तरी स्लो सेट होणार नाही. जोडाभोवती थंड इंजिनावर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारला आणि इंजिनाचा सूर बदलला तर गळती तिथेच. हवेच्या गळतीत स्लो वाढवून ठेवणं हा उपाय नव्हे. त्याने दोष झाकला जातो आणि पेट्रोल जास्त जातं.

या साऱ्यात एक पुरावा प्रत्येक मालकाच्या खिशात असतो आणि कुणी तो वाचत नाही. तो म्हणजे पीयूसीची पावती. तिच्यावर कार्बन मोनॉक्साइडची टक्केवारी आणि हायड्रोकार्बनचे पीपीएम छापलेले असतात. भारत स्टेज २ पूर्वीच्या चारचाकीला मर्यादा अनुक्रमे ३ टक्के आणि १,५०० पीपीएम आहे. कार्बन मोनॉक्साइड फार वाढलेला असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. तो कमी असूनही हायड्रोकार्बन भरमसाट असतील तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतं आहे, म्हणजेच मिसिंग आहे, आणि कार्बोरेटर पिळण्याआधी इग्निशन पाहायला हवं. ज्या तपासणीकडे आपण केवळ दंड टाळायची पावती म्हणून पाहतो, ती थोड्या पैशांत झालेली रक्ततपासणी आहे. अट एकच, नळी खरोखर सायलेन्सरमध्ये घातलेली असावी.

ठिणगी ठीक, पेट्रोल ठीक, तरी एक सिलिंडर मेलेलाच? मग दाब मोजायचा. प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडरांचे आकडे घ्यायचे. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं. एखादा बाकीच्यांपेक्षा पंधरा टक्क्यांहून खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वर चढला तर रिंगा झिजल्या आहेत. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह गळतो आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील तर मधलं हेड गॅस्केट गेलं आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. माणसांच्या आणि विशेषतः मुलांच्या आरोग्यासाठी ते अत्यंत आवश्यक होतं. पण शिशाचा थर जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकींना झिजण्यापासून वाचवत असे. बैठक झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची फट नाहीशी होते, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. म्हणून अशा गाडीत टॅपेटचा आवाज येत नाही याचा आनंद मानू नये. फट मोजून घ्यावी.

मारुती ८०० ची गोष्ट थोडी वेगळी. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी ग्राहकाच्या हाती गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. ७९६ सीसीचं इंजिन, सिलिंडर तीनच. चारांतला एक मेला तर गाडी लंगडते, पण घरी पोचते. तिघांतला एक मेला की एक तृतीयांश ताकद जाते आणि गाडी इतकी हादरते की मालकाला इंजिनाचं माउंटिंग तुटलं असं वाटतं. कितीदा तरी माउंटिंग बदलून झाल्यावर प्लगची वायर गेल्याचं उघड होतं.

भारत स्टेज २ चे निकष दिल्लीत २००० मध्ये आणि मुंबईत २००१ मध्ये आले आणि कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्या काळातल्या गाड्याही आता वीस-पंचवीस वर्षांच्या झाल्या आहेत आणि त्यांचं बंद पडणं वेगळ्या कारणांनी होतं. स्लो सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये काजळी साठते आणि पाय काढला की गाडी बंद पडते. क्रँकशाफ्टची स्थिती सांगणारा सेन्सर तापल्यावर गप्प होतो. टाकीतला पंप थकतो. आपल्याकडे गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवण्याची पूर्ण व्यवस्था २०१३ पासून नव्या मोटारींना सक्तीची झाली. अमेरिकेत ती १९९६ पासून आहे. ज्या गाड्यांत ती आहे तिथे क्रँकशाफ्टच्या वेगातला सूक्ष्म चढउतार मोजून संगणक कोणता सिलिंडर हुकला हे सांगतो. स्कॅनरवर ‘पी०३०२’ आलं म्हणजे दुसरा सिलिंडर. पण तो का हुकला, हे स्कॅनर सांगत नाही. प्लग, कॉईल, इंजेक्टर, व्हॉल्व्ह, सगळे संशयित तसेच उरतात आणि शोध पुन्हा अदलाबदलीपाशी येतो. स्कॅनरवरचा कोड वाचून लगेच भाग मागवणं ही जुन्या सवयीचीच नवी आवृत्ती आहे.

न सापडणारा दोष किती महाग पडतो याचं एक मोठं उदाहरण अमेरिकेत घडलं. फोर्ड कंपनीने १९८३ पासून नव्वदीच्या मध्यापर्यंत लाखो गाड्यांत इग्निशनचं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल थेट डिस्ट्रिब्युटरवर, इंजिनाच्या उष्णतेत बसवलं. तापलं की ते बंद पडे, गाडी भर रस्त्यात थांबे, निवलं की पुन्हा चालू. गॅरेजमध्ये तपासताना सगळं ठीक निघे. मालकांचा खटला कॅलिफोर्नियात उभा राहिला. २००० साली न्यायाधीश मायकेल बॅलाची यांनी कंपनीवर ठपका ठेवला आणि २००१ मध्ये तडजोड होऊन मालकांना भरपाईचा मार्ग खुला झाला. खंडाळ्याच्या घाटातली कॉईल आणि हे मॉड्यूल यांचा आजार एकच. फरक एवढाच की तिथे तो गाडीच्या रचनेतच होता, आणि ‘आमच्याकडे आणली तेव्हा चांगली चालत होती’ हे उत्तर वर्षानुवर्षं ऐकलेल्या मालकांचं म्हणणं शेवटी कोर्टाने खरं मानलं.

गेल्या दोन-तीन वर्षांत या साऱ्यात एका नव्या कारणाची भर पडली आहे आणि त्याचं मूळ महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यातही आहे. साखर कारखान्यांतून येणारं इथेनॉल पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळण्याचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते अलीकडे आणून २०२५ मध्ये गाठलं गेलं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला जेमतेम ९. वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा पुरते. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला असं काही कळत नाही. त्याचा जेट तेवढाच, म्हणून मिश्रणात हवा जास्त होते. सेटिंग आधीच काठावर असेल तर थंड इंजिन रेसला अडखळतं, चढावर मिसिंग मारतं आणि प्लगचं टोक पांढरं पडतं.

दुसरा परिणाम रबरावर. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये काढलेल्या निवेदनातही काही जुन्या वाहनांत रबरी भाग आणि गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात हे मान्य केलं आहे. पद्मिनीच्या एसी पंपाचा डायाफ्राम, पेट्रोलच्या नळ्या, फ्लोटच्या सुईचं टोक हे सगळं याच यादीत बसतं. शिवाय इथेनॉल टाकीत वर्षानुवर्षं बसलेला चिकट गाळ सोडवतं आणि हवेतलं पाणी शोषून घेतं. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या हौसेच्या गाडीत हे पाणी तळाला साठतं आणि तिथून थेट जेटमध्ये जातं.

धोरणावर वाद होत राहतील. जुन्या गाडीच्या मालकाने मात्र काही कामं आताच करून घ्यावीत. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या आणि डायाफ्राम टाकावा. टाकी एकदा पूर्ण रिकामी करून धुऊन घ्यावी. जेटच्या आधी दिसेल असा पारदर्शक फिल्टर बसवावा आणि गाडी उभी ठेवायची असेल तर पेट्रोल फार काळ साठवू नये. हे झाल्यावर आधी पॉइंट, कंडेन्सर, वायरी आणि टायमिंग ठाकठीक असल्याची खात्री करावी आणि मगच मुख्य जेट एक नंबर मोठा घालून पाहावा. घाटाची एक फेरी मारून प्लग काढावेत. टोकं अजून पांढरी असतील तर आणखी एक नंबर. विटकरी झाली असतील तर तो जेट तसाच राहू द्यावा आणि त्याचा नंबर बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या मेकॅनिकला तो पुन्हा शोधत बसावा लागणार नाही.